तयार माणूस शोधू नका, तयार होणारा ओळखा



पहिला कामगार कसा नेमायचा, या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त ऐकू आलेली तक्रार एकच: "कामाक माणसां गावनत नाय!" कणकवलीच्या बाजारपेठेत कुठल्याही दुकानात विचारा, हेच उत्तर मिळेल. माझं मत थोडं कडू लागेल. माणसं आहेत. आपल्याला आयता तयार माणूस हवा असतो, म्हणून ती दिसत नाहीत.

पटत नसेल तर प्रो कबड्डीकडे बघा.

एक लिलाव, दोन हिशोब

प्रो कबड्डीत टीम दोन रस्त्यांनी उभी राहते. एक म्हणजे लिलावात नावाजलेला खेळाडू विकत घ्यायचा. दुसरा म्हणजे नवीन, तरुण पोरं आधीच हेरून 'न्यू यंग प्लेअर' म्हणून घ्यायची, त्यांना खेळवायचं आणि वाढवायचं.

दहाव्या सीझनच्या लिलावात, २०२३ मध्ये, तेलुगू टायटन्सनी पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले. तोपर्यंतची ती सगळ्यात मोठी बोली. पवन खेळाडू म्हणून एक नंबर, त्यात वाद नाही. पण त्या सीझनला टायटन्स शेवटच्या नंबरवर राहिले.

जिंकलं कोण? पुणेरी पलटण. १ मार्च २०२४ ला हैदराबादच्या फायनलमध्ये त्यांनी हरियाणा स्टीलर्सना २८-२५ ने हरवलं. कॅप्टन होता नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. आठव्या सीझनला पुण्याने त्याला आणि मोहित गोयतला नवीन पोरं म्हणूनच घेतलं होतं. नवव्या सीझनला पुणे फायनल हरलं, तरी ही पोरं त्यांनी सोडली नाहीत. पुढच्याच वर्षी कप आला.

आता पूर्ण खरं सांगतो. पुण्यानेही त्याच लिलावात इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईवर २ कोटी ३५ लाख खर्च केले. म्हणजे मोठा खर्च करायचाच नाही, असं नाही. घरची फळी उभी असताना, जी जागा घरच्या माणसाने भरत नाही तिथे एकदाच करायचा. आधी फळी, मग स्टार. आपण नेमकं उलटं करतो. दुसऱ्याच्या दुकानातला माणूस जास्त पगार देऊन फोडतो आणि मग म्हणतो, "याला काय येतच नाही."

हेरायचं कसं?

पोराचे गुण कागदावर कोणीही बघेल. पारखी माणूस तीन गोष्टी बघतो, आणि त्या दुकानातही चालतात.

१. दबावात काय करतो? लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'डू ऑर डाय'. गुण आणायचा, नाहीतर बाद. आपली 'डू ऑर डाय' म्हणजे चतुर्थीच्या आदल्या दिवशी, चाकरमानी आलेले आणि काउंटरवर पंधरा गिऱ्हाईकं. त्या दिवशी पोरगं चिडतं, गोंधळतं की एकेकाला मार्गी लावतं?

२. बाद झाल्यावर काय करतो? कोणी मान खाली घालून बसतो, कोणी बाकावरून ओरडून बचाव सांभाळतो. हिशोबात चूक दाखवल्यावर तुमचा उमेदवार कारण सांगतो, की दुसऱ्या दिवशी तीच चूक टाळतो?

३. महिन्याभरात किती पुढे गेला? आज कुठे आहे यापेक्षा हे महत्त्वाचं. आज येणारं काम दोन महिन्यांत शिळं होतं, शिकायची सवय टिकते.

हे मुलाखतीत कळत नाही. आठ-दहा दिवस पगारी कामावर ठेवा आणि बघा. पगारी म्हणतोय, फुकट राबवून घेऊ नका. आणि वय अठरा पूर्ण आहे ना, ते आधी तपासा.

"शिकवलं की मुंबईक पळतत!"

हा आक्षेप खरा आहे. मुंबई आहेच, आता गोव्यात मोपाचा विमानतळही झालाय. कबड्डीतही हेच होतं. आपल्या शेजारच्या चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई घ्या. २०१८ मध्ये यू मुम्बाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं. पोराने सीझन गाजवला, टीम प्ले-ऑफपर्यंत गेली. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सनी १ कोटी ४५ लाखांना नेलं. यू मुम्बाचं नुकसान झालं का? मला नाही वाटत. त्यांना एक दणदणीत सीझन मिळाला, तोही पुढच्या वर्षीच्या भावाच्या पावपटीत.

पण खरा प्रश्न वेगळाच आहे. दोन वर्षांत पोराचं काम दुप्पट झालं आणि पगार पाचशे रुपयांनी वाढला, तर तो गेला यात त्याचं काय चुकलं? स्वस्तात मिळाला म्हणून कायम स्वस्तातच ठेवायचा, ही पारख नाही, ही पिळवणूक आहे. नेमतानाच कागदावर लिहून द्या: सहा महिन्यांनी काय यायला हवं, ते आलं तर पगार किती, दोन वर्षांनी जबाबदारी कोणती. पुढचा रस्ता दिसला तर काही जण नक्की थांबतील. जे जातील, ते निदान तुमच्या दुकानाबद्दल चांगलं बोलतील, आणि पुढचं पोरगं त्यांच्याच ओळखीने येईल.

या आठवड्याचं काम

वहीत दोन रकाने करा. एकात, तुमच्या धंद्यातली जी कामं तीन महिन्यांत शिकवता येतात ती. दुसऱ्यात, जी येत नाहीत ती. पहिल्या रकान्यासाठी पोर हेरा. जास्त पैसे फक्त दुसऱ्यासाठी ठेवा.

दुसरा रकाना तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच छोटा निघेल. करून बघा!