विल्सनचा मान विल्सनला

संपादक महोदय,

गेल्या अंकातील लेखात ऑड्युबॉनच्या ‘बर्ड्स ऑफ अमेरिका’ला अमेरिकेतला पहिला सचित्र पक्षिग्रंथ म्हटले आहे. हे मुळीच पटत नाही. त्यातील चित्रांचे तांब्याचे ठसे एडिनबरा आणि लंडनमध्ये कोरले गेले, आणि ते कामही १८२६ च्या सुमारास सुरू झाले. अलेक्झांडर विल्सनच्या ‘अमेरिकन ऑर्निथॉलॉजी’चे नऊ खंड मात्र १८०८ ते १८१४ दरम्यान फिलाडेल्फियातच निघाले. स्कॉटलंडहून आलेला हा विणकर स्वतः पक्षी रेखाटायचा आणि १२० डॉलरच्या संचासाठी वर्गणीदार शोधत गावोगाव हिंडायचा. चित्रांत रंग भरायचे कामही अखेर त्यानेच अंगावर घेतले. १८१३ मध्ये तो वारला. राहिलेले काम जॉर्ज ऑर्डने तडीस नेले. ऑड्युबॉनची चित्रे भव्य आहेतच, पण त्यासाठी विल्सनला गाळणे अन्यायाचे आहे. कृपया पुढील अंकात दुरुस्ती छापावी.

– एक नियमित वाचक, पुणे