विहिरीचे गुत्ते देण्याआधी चौकशी करा

रब्बीची सुगी आटोपली की आपल्या जिल्ह्यात विहिरींच्या कामांना जोर येतो. रान मोकळे असते, पाणी खाली गेलेले असते आणि पावसाळ्याआधी काम उरकायचे असते. मग पारावर चर्चा एकच, फुटाला भाव काय आणि स्वस्तात कोण करतो? पण विहिरीत उतरणार कोण आणि त्याला वर काढणारी यारी धड आहे का, हे विचारणारा शेतकरी विरळाच.

ही चौकशी किती गरजेची आहे, ते जिल्ह्याने जून 2023 मध्ये पाहिले. खामसवाडी आणि वाखरवाडी येथे विहिरींच्या कामावर डांबून ठेवलेल्या 11 मजुरांची ढोकी पोलिसांनी सुटका केली. पोलिसांच्या माहितीनुसार एजंटांनी पैसे घेऊन हे मजूर गुत्तेदारांच्या हवाली केले होते. दिवसाला बारा-बारा तास काम, मारहाण, आणि रात्री पळून जाऊ नयेत म्हणून साखळ्या. एक जण निसटला, हिंगोली जिल्ह्यात आपल्या गावी पोचला आणि त्याने तक्रार दिली, तेव्हा कुठे या प्रकाराला वाचा फुटली.

असे प्रकार लपून राहतात, कारण काम एका हातात नसते. शेतकरी गुत्तेदाराला काम देतो, गुत्तेदार मजूर आणायला मुकादमाला सांगतो, सुरुंग तिसराच लावतो, यारी चौथ्याची असते. उद्या दरड कोसळली किंवा तार तुटली, तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. आणि ज्याला घरी जायची मोकळीक नाही, तो गडी "तार झिजलीय, मी उतरत नाही" असे म्हणेल तरी कसा? मजुराची सुरक्षितता तो मोकळा असण्यापासून सुरू होते.

तेव्हा शेतकरी बंधूंनो, उचल देण्याआधी गुत्तेदाराला स्पष्ट विचारा. मजूर कोठले, कोणी आणले? त्यांची नावे, गाव आणि घरचा फोन नंबर लिहून घ्या. त्यांची मजुरी कोणाच्या हाती पडते, हे गुत्तेदाराला नव्हे, मजुरालाच एकट्याला गाठून विचारा. यारीची तार, कप्पी आणि ब्रेक दिवसाउजेडी स्वतः बघा. मातीचा आणि मुरमाचा थर ढासळतो, तेव्हा कडेला आधार कसा देणार, काढलेला गाळ काठापासून किती लांब टाकणार, तेही ठरवा. डोक्यावर हेल्मेट नसेल तर माणूस खाली उतरू देऊ नका.

सुरुंगाच्या बाबतीत तर भीड धरूच नका. स्फोटके बाळगायला परवाना लागतो आणि सुरुंग उडवणाऱ्याकडेही त्याचा परवाना असावा लागतो. कागद दाखवत नसेल, तर काम देऊ नका. सुरुंग उडाल्यावर धूर पुरता निघाल्याशिवाय आणि न उडालेला सुरुंग राहिला नाही याची खात्री झाल्याशिवाय कोणी आत जाता कामा नये.

विम्याचेही बघा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत खातेदार शेतकरी आणि कुटुंबातील एक सदस्य येतो. बाहेरगावाहून आलेला भूमिहीन मजूर त्यात बसत नाही. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत मात्र 18 ते 70 वयाच्या बँक खातेदाराला वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचे अपघाती संरक्षण मिळते. गुत्तेदाराने प्रत्येक मजुराचा हा विमा काढावा, ही अट व्यवहारातच घाला.

गावच्या कारभाऱ्यांचीही जबाबदारी आहे. अनुदानाची विहीर असेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी खोलीचे माप घेताना मजुरांचीही विचारपूस करावी. पोलीस पाटलांनी शिवारात मुक्कामी असलेल्या टोळ्यांवर एक चक्कर टाकावी. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने बंद झाली आहे. कोणी डांबलेला आढळला तर तहसीलदार किंवा पोलीस ठाण्याला लगेच कळवावे.

चांगला गुत्तेदार या प्रश्नांना बिचकत नाही, उलट त्याला बरेच वाटते. जो चिडतो, टाळाटाळ करतो, तो फुटामागे शे-दोनशे कमी घेत असला तरी त्याला आपल्या बांधावर पाय ठेवू देऊ नका. बैल घेताना आपण दात मोजतो, चालवून बघतो. इथे तर माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे.