टोपलीचा तळ

पावसाळा सरला, की गोव्यातील हॉटेले पाहुण्यांनी गजबजू लागतात आणि बेळगाव-खानापूर भागातील कोबी, गाजर, टोमॅटो, मेथी, कोथिंबीर यांनी भरलेल्या गाड्या चोर्ला घाट उतरू लागतात. मंडईत माल टाकून मिळेल तो भाव पदरी घेण्यापेक्षा थेट हॉटेलांना पुरवठा करावा, असे आपल्या गावांतील काही तरुण शेतकऱ्यांच्या मनात आहे. विचार स्तुत्य आहे. परंतु या व्यवहाराची एक अट आहे आणि ती जितकी व्यापाराची तितकीच धर्माची आहे. म्हणून या आठवड्यात तिच्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हाला अगत्याचे वाटते.

गृहिणी बाजारात एकेक टोमॅटो चाचपून घेते. हॉटेलच्या आचाऱ्याला तेवढी सवड कोठली? सकाळी माल उतरतो आणि दुपारी ताटे वाढायची असतात. त्यातून सॅलडाचा पाला शिजवला जात नाही, तो कच्चाच पाहुण्याच्या पोटात जातो. म्हणून माल उतरवून घेणारा जाणता माणूस वरच्या थरावर भुलत नाही. तो हात तळाशी घालतो. तेथे चेचलेला, किडका माल लागला, की क्रेट परत, आणि प्रसंगी सारी गाडी परत. शंभरावर किलोमीटर आलेली हिरवी भाजी माघारी नेऊन करायचे काय? ती कवडीमोलाने विकावी लागते. शिवाय ‘त्या गावचा माल’ असा शिक्का बसतो आणि शेजाऱ्याच्या चोख मालालाही गिऱ्हाईक उरत नाही.

असा शिक्का निरपराध्याला किती महाग पडतो, हे २०११ साली युरोपात दिसून आले. जर्मनीत दूषित अन्नामुळे साथ पसरली आणि ५० च्या वर माणसे दगावली. आरंभी संशय स्पेनच्या काकड्यांवर आला. तेथील शेतकऱ्यांचा माल पडून राहिला व कुजला. पुढे तपासात दोष मोड आणलेल्या मेथीकडे गेला. यावरून एवढे तरी घ्यावे, की कोणत्या वाफ्यातील भाजी कोणत्या दिवशी काढली आणि फवारणी केव्हा केली, याची साधी वही प्रत्येकाने ठेवावी.

बाकीचे नियम शेतकऱ्याला ठाऊकच आहेत. पाळण्याचाच काय तो प्रश्न. पालेभाजी पहाटेच्या गारव्यात काढावी व सावलीत ठेवावी. वजन वाढावे म्हणून ती पाण्याने भिजवू नये; ओला पाला वाटेतच सडतो. गटाराचे पाणी मिसळलेल्या ओढ्यात भाजी धुऊ नये. पिकलेले टोमॅटो व केळी पालेभाजीशेजारी ठेवू नयेत, त्यांच्या वायूने पाने पिवळी पडतात. औषध फवारल्यावर डब्यावर लिहिलेले दिवस उलटल्याखेरीज तोडणी करू नये.

२००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याने हॉटेलवाल्यांवर अनेक बंधने घातली; शेतकऱ्याला व त्याच्या उभ्या पिकाला मात्र त्या कायद्यातून वगळले. तेव्हा बांधावर निरीक्षक येत नाही. तेथे आपली सदसद्विवेकबुद्धी हीच निरीक्षक होय.

आमोस संदेष्टा हा मेंढरे राखणारा व उंबराच्या झाडांची निगा करणारा माणूस होता. फळांचा धंदा त्याला आतून ठाऊक होता. खोटा तराजू धरणाऱ्यांना आणि गव्हाच्या नावाखाली भुसकट विकणाऱ्यांना त्याने देवाच्या नावाने खडसावले, ते उगीच नव्हे. सातवी आज्ञा चोरीला मनाई करते. वरच्या थराचा भाव घेऊन तळाचा माल देणे ही चोरीच आहे.

कोणी म्हणेल, ‘‘फादर, हॉटेलवालेही आमचे पैसे महिनोन्‌महिने अडकवतात, वजनात तूट काढतात. त्यांना कोण सांगणार?’’ तक्रार खरी आहे. कष्टकऱ्याचा मोबदला अडवून धरणे हेही पापच, आणि याकोबाच्या पत्रात त्याचा कडक निषेध आहे. त्यासाठी चारपाच घरांनी एकत्र यावे. प्रत, भाव व पैसे देण्याची मुदत आधी कागदावर ठरवून घ्यावी. पण त्याने आपल्याला लुबाडले म्हणून पाहुण्याच्या ताटात विषारी पाला वाढण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही. बेडौल टोमॅटो टाकून द्यावेत असेही नाही. त्याचे सूप उत्तम होते. दुसऱ्या प्रतीचा माल दुसऱ्या प्रतीचा म्हणून, वेगळ्या क्रेटात, कमी भावाने विकावा. त्यात कमीपणा मुळीच नाही.

आणि मातापित्यांनो, एक गोष्ट विशेषेकरून ध्यानात ठेवा. प्रतवारीचे काम घरोघर रात्री दिव्याखाली चालते आणि मुले भोवती बसलेली असतात. बाप किडका कोबी खाली दडपून वर चांगला रचतो, हे मूल पाहते. मग रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेली सातवी आज्ञा त्याच्या ओठांवर राहते, अंतःकरणात उतरत नाही. उलट आई एखादा डागी टोमॅटो उचलून बाजूला ठेवते आणि म्हणते, ‘‘हा नको रे, कोणाच्या तरी लेकराच्या ताटात जायचा,’’ तेव्हा दहा प्रवचनांचे काम एका वाक्यात होते.

नव्या भाताच्या लोंब्या आपण वेदीपुढे आणतो, तेव्हा निवडून चांगल्याच आणतो. ज्या पाहुण्याचे तोंडही आपण कधी पाहणार नाही, त्याच्यासाठीही हात तसाच निवडता राहो. देव तुमच्या शेतांना व तुमच्या घरांना आशीर्वाद देवो.