गाणं आपलं, मग मिक्सिंग परक्या हाती का?

चळवळीची गाणी आपण लिहितो, चाली आपणच बांधतो, मोर्चात घसा बसेपर्यंत गातो. मात्र ती मुद्रित करून गावोगावच्या गटांना पाठवायची म्हटलं की आपल्याच बैठकीत सूर निघतो, "कॉम्प्युटरमधलं कळणारा कुणीतरी मुलगा बघा." हिशेब, अर्ज, पोलीस ठाणं, कोर्ट हे सारं शिकलेल्या बाया नेमक्या इथेच का थांबतात? हे काम परक्या हाती देणं म्हणजे आपला आवाज कसा ऐकू यावा हे ठरवण्याचा अधिकारच देऊन टाकणं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मिक्सिंग म्हणजे काय? प्रत्येकीचा आवाज, डफ, टाळ वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्यायचे आणि मग कोण पुढे, कोण मागे, किती मोठ्याने, हे ठरवून एकत्र करायचे. आमच्या कामाच्या भागातल्या एका गटाचं दारूबंदीचं गाणं स्टुडिओतून तयार होऊन आलं, तेव्हा डफ दबला होता आणि वर कीबोर्डचे सूर पसरले होते. पुढे म्हणणाऱ्या साठीच्या मावशींचा चढा, खरखरीत आवाज घासूनपुसून गुळगुळीत केला होता. सूर 'दुरुस्त' करणारं ऑटो-ट्यून १९९७ साली बाजारात आलं. साधन म्हणून त्याला माझा विरोध नाही. पण मावशींच्या आवाजात दोष आहे, हे ठरवलं कुणी? बाईने गोड बोलावं, हळू बोलावं ही शिकवण आपण घरात नाकारली. ती स्टुडिओच्या दाराने परत आली. नाव लागलं संगीत संयोजकाचं. गाणाऱ्या झाल्या नुसतं 'महिला मंडळ'.

हे काही आपल्याकडेच घडतं असं नाही. इंग्लंडमधल्या डेलिया डर्बीशायरला १९५९ साली डेक्का कंपनीने, स्टुडिओत आम्ही बायकांना घेत नाही, असं सांगून परत पाठवलं. पुढे बीबीसीत १९६३ साली तिने टेपचे तुकडे कापून, जोडून 'डॉक्टर हू' मालिकेचं शीर्षकसंगीत घडवलं. पडद्यावर नाव लागलं ते संगीतकाराचं, तिचं नाही. २००१ साली ती वारली आणि तिचं नाव पडद्यावर आलं २०१३ साली! याउलट हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या गाणाऱ्या बायांची नावं, गावं नोंदवून. म्हणजे नाव लावता येतं. लावायची इच्छा हवी.

आता राहिला प्रश्न जमण्याचा. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर २००० सालापासून फुकट मिळतं आणि जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं. पंखा बंद करायचा, दाराखिडक्यांवर गोधड्या टांगायच्या, मोबाईल हातभर अंतरावर ठेवायचा. आधी डफाचा ताल घ्यायचा. मग एकेकीने तो कानात ऐकत गायचं. सुरुवातीचे काही क्षण कुणी बोलायचं नाही, कारण त्या शांततेच्या नमुन्यावरूनच खोलीतली घरघर नंतर कमी करता येते. आवाजाची पट्टी लाल होऊ द्यायची नाही. कोरसमधल्या काही जणींना डावीकडे, काहींना उजवीकडे ठेवायचं, म्हणजे सगळ्या ऐकू येतात. शिवणयंत्राचा ताण नेमका लावणाऱ्या बाईला हे जमू नये?

खरी अडचण वेगळीच आहे. 'घरच्या घरी रेकॉर्डिंग करा' असं सांगणारे गृहीत धरतात की घरात एक खोली आहे, तिला दार आहे आणि ते दार लावून बसायची मुभा आहे. मुलगा कानाला हेडफोन लावून बसला तर "काम करतोय, त्रास देऊ नका." बाई बसली तर हाक ऐकू आली नाही म्हणून भांडण! म्हणून घरातला हा वेळ मागणं हीसुद्धा लढाईच आहे आणि ती एकटीने लढायची नाही. एकीच्या घरी कॉम्प्युटर, दुसरीकडे मुलं, तिसरीकडे स्वयंपाक, अशी पाळी लावून हा वेळ मिळवता येतो.

काही मैत्रिणी म्हणतात, मारहाणीच्या केसेस पडल्या असताना हे कसले लाड? पण शिबिरात भाषण विसरलं जातं, गाणं घरी जातं. ते कुणाच्या आवाजात घरी जावं, हा बिनमहत्त्वाचा प्रश्न कसा? शिवाय १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, ध्वनिमुद्रण करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी जो घेतो तोच निर्माता. गाणाऱ्यांना आपलं नाव लावून घेण्याचा हक्क २०१२ च्या दुरुस्तीने दिला. पुढाकारच घेतला नाही, तर हे कागदावरच राहील.

तेव्हा पुढच्या शिबिरात गाण्याच्या सत्राला जोडून मिक्सिंगचं सत्र ठेवा. प्रत्येक गटातून दोघींनी तरी शिकावं, त्यातली एक चाळिशीपुढची असावी. मूळ ट्रॅक गटाच्या ताब्यात राहावेत. प्रत्येक गाण्याबरोबर गाणारीचं, वाजवणारीचं आणि मिक्सिंग करणारीचं पूर्ण नाव जावं. आणि मावशींचा आवाज खरखरीत असेल, तर तो तसाच, सगळ्यांच्या पुढे ठेवा.