हातघाईतली गोष्ट

मूळच्या वेल्सच्या गॅरेथ इव्हान्स या दिग्दर्शकाने इंडोनेशियात केलेला 'द रेड' (२०११) हा चित्रपट युद्धकलेवरील चित्रपटांत मानदंड समजला जातो. मात्र 'यात कथाच नाही' हा आक्षेपही त्याला पहिल्यापासून चिकटलेला आहे. टोरांटो महोत्सवाच्या मध्यरात्रीच्या विभागात त्याने प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार पटकावला, तर अमेरिकेतील ख्यातनाम समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी त्याला चारपैकी एकच तारा दिला. या दोन टोकांच्या मतांमध्ये एक गोष्ट निसटते, ती अशी की चित्रपटात कथा आहे, पण तिचा जो भाग मारामारीवर सोपवला तो खणखणीत वठला आणि जो संवादांवर सोपवला तो लंगडा पडला.

कथानक एका ओळीचे आहे. जाकार्तातील एका गुंडाच्या ताब्यातील पंधरा मजली इमारतीवर पोलिसांची वीस जणांची तुकडी छापा घालते आणि आतच अडकते. इव्हान्स यांना खरे तर तुरुंग, टोळ्या आणि सूड यांचा मोठा पट असलेला 'बेरांदाल' हा चित्रपट करायचा होता. त्यासाठी पैसा उभा राहिला नाही, म्हणून सुमारे ११ लाख डॉलरांत बसेल असा, एकाच इमारतीत घडणारा चित्रपट त्यांनी हाती घेतला. या अडचणीनेच चित्रपटाला शिस्त लावली, कारण एकदा जागा ठरली की मजले, दारे, जिने आणि बोळ हीच नाट्याची सामग्री होते आणि नायक कुठून कुठे निघाला आहे याचा प्रेक्षकाला कधी विसर पडत नाही.

या चित्रपटाचा कणा म्हणजे पेंचाक सिलाट, अर्थात इंडोनेशियाची पारंपरिक युद्धकला, जिच्या परंपरांना २०१९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. नायक रामाची भूमिका करणारे इको उवाइस आणि 'मॅड डॉग' हा खलनायक साकारणारे यायान रुहियान हे दोघेही सिलाटचे जाणकार असून मारामारीची आखणीही त्यांनी इव्हान्स यांच्यासह केली. प्रतिस्पर्ध्याच्या अगदी अंगाशी भिडून कोपर, गुडघा आणि चाकू चालवण्याची या कलेची पद्धत अरुंद बोळाला चपखल बसते. उलट, हवेत झेपा घेणाऱ्या शैलीची तिथे कोंडीच झाली असती. शिवाय प्रत्येक लढत आधी छोट्या कॅमेऱ्यावर चित्रित करून पाहिलेली असल्यामुळे घाव कुठून आला आणि कुठे बसला हे पडद्यावर स्पष्ट दिसते.

तथापि चित्रपटाची खरी करामत वेगापेक्षा हिशेबात आहे. पूर्वार्धात गोळ्या संपत जातात, माणसे पडत जातात आणि बंदुकीकडून कोयत्याकडे, कोयत्याकडून रिकाम्या हातांकडे अशी झुंजीची उतरंड लागते. रामा आणि जखमी सहकारी एका भाडेकरूच्या घरातील खोट्या भिंतीआड दडतात तेव्हा शोध घेणारा गुंड त्या भिंतीत कोयता खुपसत राहतो. पाते रामाच्या गालात रुतते आणि ते मागे ओढले जात असताना रामा त्यावरचे रक्त हाताने पुसून घेतो, जेणेकरून बाहेर निघालेले पाते कोरडे दिसावे. एकही ठोसा नसलेला हा प्रसंग नायकाचे धैर्य आणि प्रसंगावधान एका हालचालीत सांगून जातो.

मॅड डॉगचे चित्रणही असेच कृतीतून होते. पोलीस तुकडीतला सार्जंट जाका बंदुकीच्या टप्प्यात असताना हा किरकोळ अंगाचा माणूस बंदूक बाजूला ठेवतो आणि स्वतःपेक्षा थोराड असलेल्या जाकाशी रिकाम्या हातांनी लढतो. पुढे रामा आपल्या भावाला, अँडीला, सोडवायला येतो तेव्हाही हा खलनायक अँडी साखळीतून मोकळा होईपर्यंत थांबतो आणि दोघांना एकदम अंगावर घेतो. गुंडांच्या टोळीत गेलेला एक भाऊ आणि पोलिसात गेलेला दुसरा, यांची दिलजमाई त्या लढतीत होते, कारण एकाने वार झेलायचा आणि दुसऱ्याने संधी साधायची हे न बोलता जुळावे लागते.

उणिवा नेमक्या इथूनच सुरू होतात. जे लढतीने सांगितले त्यावर विश्वास न ठेवता चित्रपट दोघा भावांना आमनेसामने उभे करून निवड आणि कर्तव्य यांवर बोलायला लावतो आणि ती भाषा ठोकळेबाज आहे. गरोदर पत्नी सुरुवातीस दिसते ती केवळ नायकाविषयी कणव वाटावी म्हणून. छाप्यातील पोलीस अधिकारी वाहयू याच्या भ्रष्टाचाराचा उलगडाही शेवटी घाईने सांगून उरकलेला आहे. आणखी गंभीर बाब म्हणजे, आजारी बायकोसाठी औषध आणणारा एक भाडेकरू सोडला तर त्या इमारतीतील रहिवासी म्हणजे कोयते घेऊन धावणारा निव्वळ जमाव वाटतो. गरीब वस्तीला वेठीस धरणारी सत्ता हा विषय हाताशी असूनही तो वाया जातो. पूर्वार्धातील हिशेबही उत्तरार्धात ढिला पडतो. वाहयू स्वतःच्या डोक्याला पिस्तूल लावतो तेव्हा ते रिकामे निघते, म्हणजे गोळ्यांची मोजदाद शेवटपर्यंत ठेवली जाते. नायकाच्या जखमांची आणि थकव्याची मात्र तेवढी चोख ठेवली जात नाही.

'बेरांदाल' अखेर २०१४ मध्ये 'द रेड २' म्हणून आला. अडीच तासांच्या त्या चित्रपटात कथा, पात्रे आणि खर्च सारेच वाढले, म्हणजे पहिल्या चित्रपटावरील मुख्य आक्षेपाला रीतसर उत्तर मिळाले. तरीही त्यात लक्षात राहतात त्या लढतीच. त्यामुळे युद्धकलेवरील चित्रपटाला 'कथा आहे का' असे विचारण्याऐवजी ती कथा कुणाच्या हातात दिली आहे असे विचारणे अधिक न्याय्य ठरते. त्या कसोटीवर 'द रेड' बहुतांशी उतरतो आणि जिथे नापास होतो तिथे तो आपल्याच बळावरचा विश्वास गमावून बसलेला असतो.