थ्रेड : वाळूचा गौरव आणि सोमलाचे विस्मरण

पोथीची नक्कल करताना एखादे अक्षर चुकले, की लेखनिक त्यावर पिवळ्या हरताळाचा लेप देत असे. लेप वाळला की चूक दिसेनाशी होई आणि त्याच जागी नवे अक्षर लिहिता येई. ‘हरताळ फासणे’ हा मराठी वाक्प्रचार या सवयीतून आला. (दुकाने बंद ठेवण्याचा ‘हरताळ’ हा वेगळा शब्द. ध्वनी सारखा असल्याने दोहोंची गल्लत पुष्कळदा होते.)

हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे खनिज. तांबडी मनशीळ हीही याच दोन मूलद्रव्यांची. सोमल हा आर्सेनिकचा ऑक्साइड, आणि विषांच्या इतिहासातील सर्वांत कुप्रसिद्ध पदार्थांपैकी एक. रंग, औषध आणि विष या तीन रूपांत आर्सेनिक मराठी भाषेच्या ओळखीचे आहे. चौथ्या रूपाला मात्र भाषेत शब्द नाही आणि इतिहासाच्या लोकप्रिय कथनात जागाही नाही. त्या रूपात आर्सेनिकचा अणू सिलिकॉनच्या चार अणूंशी बांधलेला असतो, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाची यंत्रसृष्टी बऱ्याच अंशी अशा बंधांवर उभी राहिली.

संगणकयुगाची कथा सांगताना हमखास वाळूपासून सुरुवात होते. वाळूतून सिलिकॉन, सिलिकॉनमधून चिप, चिपमधून नवे जग! १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातील एका खोऱ्याला वृत्तपत्रातून ‘सिलिकॉन व्हॅली’ हे नाव मिळाले आणि कथेवर शिक्कामोर्तब झाले. हे कथन खोटे नाही, पण त्यातला जो अर्धा भाग सांगितला जातो तो कमी महत्त्वाचा आहे. शुद्ध सिलिकॉनला विजेच्या दृष्टीने जवळजवळ काहीच करता येत नाही. त्याला कामाला लावतात ती मोजून मिसळलेली परकी द्रव्ये, आणि त्यांत आर्सेनिकचा मान मोठा आहे.

थोडे रसायनशास्त्र येथे टाळता येणार नाही. सिलिकॉनच्या बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात. स्फटिकात प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांशी बंध जोडतो आणि चारही इलेक्ट्रॉन त्यात गुंतून पडतात. नेहमीच्या तापमानाला सुमारे ५ लाख कोटी अणूंमागे एखादाच इलेक्ट्रॉन मोकळा सापडतो. आर्सेनिकजवळ असे पाच इलेक्ट्रॉन असतात. सिलिकॉनच्या जाळीत त्याला एका अणूची जागा मिळाली, की चार इलेक्ट्रॉन बंधांत जातात आणि पाचवा जवळजवळ निराधार राहतो. सिलिकॉनचा स्वतःचा इलेक्ट्रॉन सोडवायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या साधारण विसाव्या भागात हा पाचवा सुटतो. एक कोटी अणूंमागे आर्सेनिकचा एक अणू मिसळला, तरी मोकळे इलेक्ट्रॉन काही लाख पटींनी वाढतात.

याहून मनोरंजक गोष्ट अशी, की आर्सेनिकला स्वेच्छेने वागू दिले तर ते असे वागत नाही. आर्सेनिक आणि सिलिकॉन समप्रमाणात एकत्र आले, की त्यांचे एक खरेखुरे संयुग तयार होते. त्याचे स्फटिक थराथरांचे असतात. त्यात आर्सेनिकचा अणू सिलिकॉनच्या तीनच अणूंशी बंध जोडतो आणि उरलेली इलेक्ट्रॉनांची जोडी स्वतःजवळ ठेवतो. तेथे निराधार इलेक्ट्रॉन नाही, म्हणून देणगीही नाही. चौथा बंध आणि पाचव्याचा त्याग ही शिस्त आर्सेनिकवर लादली जाते ती सिलिकॉनच्या घरात पाहुणा म्हणून राहताना. पाहुण्यांची संख्या फार वाढली, की ही शिस्त मोडते. काही अणू जाळीतल्या रिकाम्या जागांभोवती घोळके करतात, काहींचे मूळ संयुगाचे कण वेगळे पडतात, आणि विजेच्या हिशेबात हे सारे अणू निरुपयोगी ठरतात. म्हणजे ‘किती मिसळावे’ हाच या विद्येचा गाभा होता. तो समजला कसा, हा इतिहास आहे, आणि तोच सहसा गाळला जातो.

त्या इतिहासाचे पहिले प्रकरण अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, बेल प्रयोगशाळेत घडले. फेब्रुवारी १९४० मध्ये रसेल ओल यांच्या हाती सिलिकॉनची एक तडकलेली कांडी आली. तिच्यावर प्रकाश पडताच सुमारे अर्ध्या व्होल्टचा दाब निर्माण होई. कांडीच्या एका भागाचे वर्तन दुसऱ्या भागाच्या नेमके उलट होते. पुढे या दोन प्रकारांना ‘एन’ आणि ‘पी’ अशी नावे मिळाली. एकाच ओतकामातून दोन स्वभाव का निघावेत? शुद्धतेच्या तत्कालीन कसोट्या येथे अपुऱ्या पडल्या, कारण फरक घडवणारी द्रव्ये उपकरणांना पकडताच येत नव्हती इतकी अल्प होती. उत्तर मिळाले ते नाकाला. जॅक स्कॅफ आणि हेन्री थ्युरर हे धातुशास्त्रज्ञ सिलिकॉनच्या लगडी तयार करीत. ‘एन’ प्रकारच्या लगडीला येणारा एक उग्र वास त्यांना ओळखीचा वाटला. तो फॉस्फीनचा होता, म्हणजे लगडीत फॉस्फरस होता. फॉस्फरस, आर्सेनिक आणि अँटिमनी ही आवर्तसारणीच्या एकाच स्तंभातील भावंडे, त्यामुळे एकाचा माग लागला तेव्हा सगळ्या कुटुंबाचा पत्ता मिळाला.

ट्रान्झिस्टरच्या प्रत्येक इतिहासात डिसेंबर १९४७ येतो. बार्डीन, ब्रॅटन आणि शॉक्ली येतात, १९५६ चे नोबेल येते. स्कॅफ आणि थ्युरर यांची नावे तळटिपेत असली तरी नशीब. सिद्धान्त मांडणाऱ्याला पाट आणि भट्टीजवळ उभ्या राहणाऱ्याला उंबरा, ही विज्ञानाच्या इतिहासलेखनाची जुनी रीत आहे. ती सोयीची आहे म्हणून टिकली; ती न्याय्य आहे असे कोणी म्हणू नये.

आर्सेनिकचे स्वतःचे प्रकरण १९५३-५४ मध्ये त्याच संस्थेत सुरू झाले. उष्ण आणि दमट प्रदेशांत दूरध्वनी यंत्रणेच्या कोरड्या बॅटऱ्या लवकर खराब होत. त्यांना पर्याय शोधण्याचे काम डॅरिल चॅपिन यांच्याकडे होते. सेलेनियमचे सौर घट त्यांनी तपासले. ते सूर्यप्रकाशाच्या एक टक्काही भागाची वीज करीत नव्हते. सहकारी जेराल्ड पिअर्सन यांनी सिलिकॉन सुचवले. त्यांच्याकडे रसायनज्ञ कॅल्विन फुलर यांनी बनवलेला तुकडा होता. त्यात गॅलियम मिसळलेले होते आणि वरून लिथियमचा थर दिलेला होता. तो सेलेनियमपेक्षा सरस ठरला, परंतु एक खोड निघाली. लिथियम स्थिर राहीना. साध्या खोलीच्या तापमानातही ते सिलिकॉनमध्ये आत आत सरके, आणि ‘पी’ व ‘एन’ यांची सीमारेषा प्रकाशापासून दूर जाई. आज मोजलेला घट काही काळाने तोच राहत नसे.

तोडगा फुलर यांनी काढला. त्यांनी सिलिकॉनमध्ये आर्सेनिक मिसळून ‘एन’ प्रकारचा पाया केला आणि त्यावर उष्णतेने बोरॉनचा अतिशय पातळ थर मुरवला. सीमारेषा पृष्ठभागाजवळ आली आणि जागेवर राहिली. २५ एप्रिल १९५४ रोजी बेल प्रयोगशाळेने हा सौर घट जगापुढे ठेवला. आकाशपाळण्याची एक खेळण्यातली प्रतिकृती त्याने फिरवून दाखवली. कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. आजच्या छतावरील सौर पट्ट्यांचा वंशवृक्ष या तुकड्यापर्यंत जातो.

येथे एक आक्षेप रास्त आहे. फॉस्फरसनेही पाचवा इलेक्ट्रॉन मिळतो, अँटिमनीनेही. पुढील काळातील बहुसंख्य सौर घटांत तर पाया बोरॉनचा आणि वरचा थर फॉस्फरसचा झाला. मग आर्सेनिकचे एवढे कौतुक कशाला? आक्षेपातील तथ्य मान्य करूनही उत्तर देता येते. आर्सेनिकच्या अणूचा आकार सिलिकॉनच्या आकाराशी जवळजवळ जुळतो, म्हणून ते जाळीला फारसे ताणत नाही. शिवाय तापवले तरी ते फॉस्फरसपेक्षा फार सावकाश पसरते. चिपवरील रचना जसजशी बारीक होत गेली, तसतसे या संथपणाचे मोल वाढले. एकात्मिक मंडल तयार करताना सिलिकॉन पुन्हा पुन्हा भट्टीत जाते, आणि आधी आखलेली सीमा नंतरच्या उष्णतेत पुसली जाऊ नये ही तेथे पहिली अट असते. म्हणून तळाशी गाडलेले थर आणि ‘एन’ प्रकारच्या सूक्ष्म ट्रान्झिस्टरांची टोके यांसाठी आर्सेनिक पसंतीस उतरले. हे द्रव्य एकमेव नव्हते, पण जेथे रेषा जागेवरून हलणे परवडत नव्हते तेथे ते लागले.

विस्मरणाचे आणखी एक कारण भीतीचे असावे. सिलिकॉनमध्ये आर्सेनिक घालण्याचा एक मार्ग म्हणजे आर्सिन हा वायू. एडॉल्फ गेलेन हे जर्मन रसायनज्ञ १८१५ मध्ये याच वायूच्या विषबाधेने दगावले. १८३६ मध्ये जेम्स मार्श यांनी विषप्रयोग पकडण्याची चाचणी शोधली, तिचाही आधार आर्सिनच होता. संशयित नमुन्यातून हा वायू काढायचा, तो तापलेल्या नळीतून न्यायचा, आणि विघटनानंतर काचेवर आर्सेनिकचा काळसर आरसा उमटतो का ते पाहायचे. शंभराहून अधिक वर्षांनी चिपच्या कारखान्यांनी तेच विघटन पुरावा म्हणून नव्हे, तर उत्पादनाचे साधन म्हणून वापरले. कामाच्या जागेवरील हवेत आर्सिनची अमेरिकी कायदेशीर मर्यादा १ कोटी भागांत अर्धा भाग इतकी कडक आहे. १९९० च्या दशकात हा वायू दाबाखाली कोंडण्याऐवजी सच्छिद्र कार्बनमध्ये शोषून साठवण्याची पद्धत रुळली, ती टाकी फुटली तरी वायू बाहेर उसळू नये म्हणूनच. धूळमुक्त खोल्या आणि पांढरे पोशाख यांच्या छायाचित्रांत ही बाजू दिसत नाही. ‘वाळूपासून बनलेले’ हे वर्णन निरुपद्रवी वाटते, म्हणूनच ते संशयास्पद आहे. त्या खोल्यांत काम करणाऱ्या माणसांनी रोज कशाशेजारी उभे राहून हे युग घडवले, हे त्यातून वगळले जाते.

दोष सिलिकॉनचा नाही. दोष एका द्रव्याला युगपुरुष ठरवणाऱ्या कथनशैलीचा आहे. अश्मयुग, ताम्रयुग, लोहयुग अशी नावे देण्याची सवय इतकी खोल, की सिलिकॉनयुगही आपोआप आले. पण ताम्रपाषाण काळ संपून कांस्ययुग आले तेही तांब्यात दुसरा धातू मिसळल्याने, आणि सर्वांत जुन्या कांस्यांपैकी कित्येकांत कथिलाऐवजी आर्सेनिकच होते! प्राचीन लोहार आणि विसाव्या शतकातील धातुशास्त्रज्ञ या दोघांच्या हातून एकच मिश्रक निसटून इतिहासाबाहेर पडावा, हा योगायोग म्हणून सोडून द्यायचा की नाही, हे तरुण अभ्यासकांनी ठरवावे.

कॅल्विन फुलर १९९४ मध्ये वारले. त्यांनी विकसित केलेली, उष्णतेने द्रव्य मुरवण्याची पद्धत ट्रान्झिस्टर आणि एकात्मिक मंडले यांच्या उत्पादनाचा कणा ठरली. एकात्मिक मंडलासाठी जॅक किल्बी यांना २००० मध्ये नोबेल मिळाले. फुलर यांच्या वाट्याला ते आले नाही. १७ मार्च १९५८ रोजी अमेरिकेने ‘व्हॅनगार्ड-१’ हा लहानसा उपग्रह सोडला. त्यातील रासायनिक बॅटरी जूनमध्येच संपली. सिलिकॉनच्या सौर घटांवर चालणारा प्रक्षेपक मात्र १९६४ पर्यंत संदेश पाठवीत राहिला. तो उपग्रह आता मूक आहे, पण पृथ्वीभोवती अजून फिरतो आहे.