कर्ण्याचा पराभव कोणी केला?

१/६
जुन्या कर्ण्याच्या लाउडस्पीकरवर घरी संगीत ऐकणारा कोणी दिसला, की त्याच्यावर ‘स्मरणरंजना’चा शिक्का बसतो. तंत्रज्ञानाचा इतिहास म्हणजे जिना आणि मागची पायरी कनिष्ठच, हे त्यामागचे गृहीतक. कर्ण्याच्या बाबतीत ते पुराव्यापुढे टिकत नाही.

२/६
कर्णा शोभेसाठी जन्मला नाही. १९२६ साली अमेरिकेत व्हिटाफोनने चित्रपटाला ध्वनी जोडला, तेव्हा प्रेक्षागृहे प्रचंड होती आणि ॲम्प्लिफायर मोजक्या वॉटचे. वेस्टर्न इलेक्ट्रिकने यावर कर्ण्याचाच उपाय योजला. क्रमाने रुंदावत जाणारी नळी लाउडस्पीकरमधल्या पातळ पडद्याच्या कंपनाची बाहेरच्या हवेशी सांगड घालते. पडदा जेमतेम हलतो, पण आवाज मोठा निघतो.

३/६
हे तत्त्व घरात आणणाऱ्यांत अग्रणी पॉल क्लिप्श. १९४६ मध्ये आर्कान्सामधील होप या गावी त्यांनी कंपनी स्थापन केली. अडचण मोठी होती: ५० हर्ट्झच्या खर्जाची तरंगलांबी सुमारे ७ मीटर, त्याला साजेसा कर्णा घरात मावावा कसा? क्लिप्श यांनी नळी लाकडी पेटीत दुमडली आणि खोलीच्या कोपऱ्यातील भिंतींनाच कर्ण्याचा पुढचा भाग बनवले.

४/६
मग तो मागे का पडला? १९५४ मध्ये एडगर व्हिलचर यांची एआर-१ ही लहान बंद पेटी आली. तिचा खर्ज खोल होता. मोबदल्यात तिला वॉट अधिक लागत. १९५८ मध्ये स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या आणि एकाऐवजी दोन लाउडस्पीकरांना जागा हवी झाली. पुढे ट्रान्झिस्टरने वॉटही स्वस्त केले. निकाल लावला तो जागेने आणि पैशाने. श्रवणाची कसोटी दुय्यम ठरली.

५/६
ती कसोटी आज लावून पाहावी. एका वॉटला १०५ डेसिबल देणाऱ्या कर्ण्याइतका आवाज काढायला ८५ डेसिबलच्या पेटीला १०० पट शक्ती लागते. पडद्याची धाव कमी, म्हणून विकृतीही कमी. तबल्याची थाप दबत नाही. आजच्या श्रोत्याला कर्णा मोहवतो तो यासाठी.

६/६
अर्थात, जुने ते सारे दिव्य म्हणणारे संग्राहकही तितकेच चुकतात. कित्येक कर्णे आवाजाला स्वतःचा नाकातला रंग चढवतात आणि व्हिलचर यांचा शोध ही खरी प्रगती होती. परंतु बाजारातून हटलेली वस्तू गुणांतही हरली, असे मानणे म्हणजे विक्रीच्या वहीला इतिहास समजणे. ती कोणत्या कसोटीवर हटली, हे इतिहासाच्या अभ्यासकाने आधी विचारावे.